एण्डोमेट्रिओसिसच्या ऑपरेशननंतर आतून चिकटलेलं ओटीपोट: रोजचं दुखणं कसं सांभाळावं

ऑपरेशन होऊन वर्ष उलटलेलं असतं. सोनोग्राफीत काही दिसत नाही, रक्ताचे रिपोर्ट ठीक असतात, आणि तरी रात्री कुशीवर वळताना उजव्या अंगाला आतून दोरी ओढल्यासारखं होतं. लघवी जरा जास्त वेळ दाबली, पोटात गॅस धरला, खड्ड्यातून स्कूटर गेली, की तीच कळ. डॉक्टर याला अ‍ॅढिजन्स म्हणतात, घरात 'आतून चिकटलंय' म्हणतात. दोन्ही बरोबर आहे, पण दुखण्याचं सगळं खापर त्यावर फोडून चालत नाही.

पोटातल्या अवयवांवर पातळ, ओलसर आवरण असतं. त्यामुळे आतडी, गर्भाशय, अंडाशय एकमेकांवरून सरकतात. एण्डोमेट्रिओसिसने, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर बाहेर वाढल्याने, आधीच सूज येऊन ते खरवडलेलं असतं. त्यात ऑपरेशनमध्ये गाठ कापली किंवा जाळली, की त्या जागी फायब्रिनचा चिकट थर बसतो. एरवी शरीर तो काही दिवसांत विरघळवतं. जिथे विरघळत नाही तिथे दोन पृष्ठभाग जोडले जातात, मग त्या पट्ट्यात तंतू, रक्तवाहिन्या आणि कधी मज्जातंतूही शिरतात. कुठे चिकटणार हे बहुतेक पहिल्या आठवड्यातच ठरतं. तेव्हा 'तू लवकर चालली नाहीस म्हणून झालं' असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. आणखी एक गोष्ट: चिकटलेलं किती आणि दुखतं किती यांचं गणित जुळत नाही. सगळं ओटीपोट एकमेकांत गुंतलेली बाई निवांत असते आणि एका बारीक पट्ट्याने दुसरी हैराण होते.

हे पट्टे गोळीने, तेलाने किंवा चोळून सुटत नाहीत. पण महिनोन्महिने दुखत राहिलं की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून बसतात, शौचाला घट्ट होतं, मूत्राशय चिडचिडं होतं, आणि मज्जारज्जू साध्या ताणालाही दुखणं समजायला लागतो. दुखण्याचा हा भाग मोठा असतो आणि बदलता येण्यासारखा आहे. पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

आधी चार आठवडे नोंद

वहीत रोज एकच ओळ लिहा: पाळीचा कितवा दिवस, दुखणं ० ते १० मध्ये किती, नेमकं कुठे, काय करताना, शौचाला झालं का, कोणती गोळी घेतली. याहून जास्त लिहायला गेलात तर आठव्या दिवशी वही बंद पडते.

चार आठवड्यांनी चित्र दिसतं. पाळीच्या आधी दोन-तीन दिवस चढणारं आणि पाळी संपता उतरणारं दुखणं एण्डोमेट्रिओसिस पुन्हा आल्याचं किंवा गर्भाशयाच्या भिंतीतल्या अ‍ॅडिनोमायोसिसचं असू शकतं. त्यावर हार्मोनची गोळी चालते. वळताना, वाकताना, भरल्या पोटी किंवा भरल्या मूत्राशयाने, ठरावीक जागीच ओढणारं दुखणं चिकटलेल्याचं असण्याची शक्यता जास्त. दिवसभर बसून संध्याकाळी खाली जडपणा, संबंधानंतर तासन् तास ठणका, लघवीला सुरुवात व्हायला वेळ, हे स्नायूंचं लक्षण. बहुतेकींना तिन्ही थोडं थोडं असतं.

एक चाचणी घरीच करून पाहा. उताणं झोपा. सगळ्यात दुखणारी जागा एका बोटाने शोधा आणि दाबून ठेवा. आता बोट न हलवता डोकं आणि खांदे गादीवरून वर उचला. पोट घट्ट झाल्यावर दुखणं वाढलं तर ते बहुधा पोटाच्या भिंतीतलं आहे: दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पाडलेल्या भोकाच्या व्रणाशी अडकलेला मज्जातंतू किंवा स्नायू. कमी झालं तर ते आतलं. खालच्या दोन बाजूंची भोकं मज्जातंतूंच्या वाटेजवळ पडतात, म्हणून हे बऱ्याचदा आढळतं आणि बऱ्याचदा निसटतं. भिंतीतलं दुखणं असेल तर त्या जागी भूल देणाऱ्या औषधाचं एक इंजेक्शन निदानही करतं आणि उपायही होतो. डॉक्टरांना बोट ठेवून जागा दाखवा, नुसतं 'पोट दुखतं' म्हणू नका.

उठणं, वळणं, श्वास

अंथरुणातून सरळ उठून बसणं ही सकाळची पहिली चूक. दोन्ही गुडघे दुमडा, खांदा आणि कंबर एकाच वेळी, ओंडका लोळवावा तसे कुशीवर वळा, पाय खाटेखाली सोडा, कोपर आणि तळहाताने रेटा देत श्वास सोडत उठा. जमिनीवर गादी घालून झोपत असाल तर कुशीवरून आधी चार पायांवर रांगतं व्हा, मग एक गुडघा उभा करून उठा. खोकला किंवा शिंक येत असेल तर उशी ओटीपोटावर दाबून धरा.

स्नायू सैल करण्याचा व्यायाम रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं. पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा. एक हात बरगड्यांच्या बाजूला, एक बेंबीखाली. नाकाने चार आकड्यांपर्यंत श्वास घ्या. बरगड्या आडव्या फुगायला हव्यात, आणि त्याबरोबर खालचा भाग, लघवी सुरू होते त्या क्षणी सुटतो तसा, खाली सैल सुटायला हवा. सहा आकड्यांपर्यंत श्वास सोडा. सोडताना खाली काहीही आवळू नका, वर ओढू नका. पहिले आठ-दहा दिवस खाली काही जाणवतच नाही, कारण आवळलेल्या स्नायूला सैल म्हणजे काय ते आठवत नसतं. फरक कळायला सहा ते आठ आठवडे धरा.

हे जमलं की बालासन, आणि पाठीवर झोपून गुडघे काखेकडे घेणं, दोन्ही एकेक मिनिट. भुजंगासन पोटाच्या पुढच्या भागाला ताणतं. ते कोपरांवरूनच सुरू करा, आणि ओढ जाणवली तिथेच थांबून तीन श्वास घ्या. कळ आली म्हणजे पट्टा तुटतोय असं समजून पुढे रेटू नका. काही तुटत नाही, फक्त मज्जातंतू आणखी चिडतात.

केगल, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम, करू नका. हे ठळक लिहायला हवं, कारण बाळंतपणानंतरचा सल्ला म्हणून तो सगळ्यांना पाठ आहे. आवळलेल्या स्नायूला आणखी आवळायला शिकवलं तर दुखणं वाढतं. कपालभाती आणि नौलीही तूर्त बाजूला ठेवा, पोटाचे झटके नकोत. फिजिओथेरपिस्ट शोधताना फोनवरच विचारा: ओटीपोटाच्या तळाचे स्नायू तपासता का, आणि सैल करायला शिकवता का? उत्तरात फक्त केगल आलं तर दुसरीकडे जा. आतून तपासणी असते, ती तुमच्या संमतीनेच, आणि मध्येच 'थांबा' म्हणायचा हक्क तुमचाच.

व्रणावर मालीश करायची तर टाके पूर्ण भरल्यावर, साधारण सहा-आठ आठवड्यांनी. खोबरेल तेलाचे दोन थेंब, दोन बोटं व्रणावर, कातडी घसरू न देता वर-खाली, डावी-उजवी आणि गोल, दोन मिनिटं. यामुळे कातडी आणि तिच्याखालचा थर मोकळा होतो. आतल्या आतड्यापर्यंत यातलं काही पोहोचत नाही. 'बेंबी सरकली' म्हणून कुणाकडून जोर लावून पोट चोळून घेणं मात्र धोक्याचं. आत काय कशाला चिकटलंय ते चोळणाऱ्याला दिसत नसतं.

पोट साफ असणं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय हाच. चिकटलेलं आतडं भरलं, फुगलं, की पट्टा ओढला जातो. आणि गंमत अशी की दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्या पोट बांधतात. पाळीच्या कळांसाठी सर्रास घेतली जाणारी मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि डायसायक्लोमिनची जोडगोळी घ्या, तिच्यातलं डायसायक्लोमिन आतडी सुस्त करतं. ट्रॅमाडॉल त्याहून वाईट. दोन दिवस गोळी, चौथ्या दिवशी घट्ट शौच, पाचव्या दिवशी पुन्हा कळ, हे चक्र वहीत हमखास सापडतं.

रात्री एक चमचा इसबगोल भरपूर पाण्यात, ग्लासभर तरी, ढवळून लगेच प्यायचं, वर आणखी एक ग्लास पाणी. कमी पाण्यात घेतलं तर तेच आत बसून राहतं. इतर औषधांपासून दोन तास लांब ठेवा. पहिला आठवडा गॅस वाढतो, म्हणून अर्ध्या चमच्याने सुरुवात बरी. आतडं कुठे अरुंद झालंय असं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर इसबगोल घेऊ नका, पातळ शौच करणारं औषध विचारा.

कमोड असेल तर पायाखाली सहा-सात इंच उंचीचं स्टूल घ्या, पाट बुटका पडतो. न्याहारीनंतर वीस-तीस मिनिटांनी आतडी आपसूक हलतात, ती वेळ कामाच्या धांदलीत घालवू नका. कुंथायचं नाही. चूल फुंकतो तसा तोंडाने लांब श्वास सोडायचा, पोट पुढे फुगू द्यायचं.

चिकटलेलं सोडवणारं कुठलंही पथ्य नाही, हळदीनेही नाही, सूज उतरवायच्या सेराशिओपेप्टिडेजच्या गोळ्यांनीही नाही. पथ्य आहे ते गॅसचं. अळसांदे (चवळीसारखं गोव्यातलं कडधान्य), वाटाणे, मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची भाजी) हे ज्यांना फुगवतात त्यांना चतुर्थीचे दिवस जड जातात: खतखतं (मिश्र भाज्यांचं), उसळ, नेवऱ्या (करंज्या), सगळं एकाच पानात, आणि वाढणारी आग्रह करणारी. थोडं थोडं, चार वेळा खा. कडधान्यं रात्रभर भिजवून पहिलं पाणी टाकून द्या. दुखणं चढलेल्या दिवशी उकड्या तांदळाची पेज आणि मऊ शिजवलेली भाजी पुरते. मासे चालतात, तळलेल्यापेक्षा हुमणातले (नारळाच्या आमटीतले) बरे. उपास करून पोट रिकामं ठेवणं आणि रात्री एकदम साबुदाणा खाणं, याने दोन्हीकडून त्रास होतो.

बाजारात, बसमध्ये बायकांना जायला जागा नसते म्हणून पाणीच न पिणं हा आपल्याकडचा सर्रास तोडगा. त्याने शौच घट्ट होतं आणि लघवी तीव्र होऊन मूत्राशय आणखी चिडतं. पाणी प्या, दर तीन तासांनी लघवीला जा, आणि वाटेवरची ठिकाणं आधीच ठरवून ठेवा.

शेक आणि गोळ्या

गरम पाण्याच्या पिशवीत उकळतं पाणी ओतू नका. उकळल्यावर पाच-सात मिनिटं थांबा, दोन तृतीयांश भरा, पिशवी आडवी करून पाणी तोंडाशी येईपर्यंत हवा काढा, मग बूच घट्ट करा. टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, पोटावर किंवा माकडहाडाच्या वर. तासन् तास ठेवलं तर कातडीवर तपकिरी जाळी उमटते. ती दिसली की काही आठवडे शेक बंद. पावसाळ्यात वीज गेली की इलेक्ट्रिक पॅड कामाचं नसतं, म्हणून रबरी पिशवी घरात असू द्या, पण गोव्याच्या दमट हवेत रबर लवकर चिरतं. दरवर्षी वाकवून पाहा, भेगा दिसल्या तर बदला.

दुखणं ७-८ पर्यंत चढू देऊन मग गोळी घेतली तर ती उशिराच पडते. चढायला लागतं तेव्हाच घ्या. नेप्रॉक्सेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मात्रेत, जेवणानंतर, सलग दोन-तीन दिवस. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा या गोळ्यांनी उठणारा दमा असेल तर अजिबात नाही. घरी ही गोळी घेऊन वर कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेणं म्हणजे एकाच जातीची दोन औषधं एकदम. आधी काय घेतलंय ते सुई टोचण्यापूर्वी सांगा. सोबत पॅरासिटामॉल चालतं. जून ते ऑक्टोबर ताप असेल तर मात्र फक्त पॅरासिटामॉल: डेंग्यू निघाला तर वरच्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पोट दुखतंय म्हणून फेणीचा घोट घेण्याची जुनी सवय या गोळ्यांबरोबर जठराला महागात पडते.

डायनोजेस्ट ही एण्डोमेट्रिओसिसवरची हार्मोनची गोळी २ मिलिग्रॅम रोज ठरल्या वेळी घ्यायची असते. ती चिकटलेलं सोडवत नाही, नवा आजार वाढू देत नाही. पहिले काही महिने अधूनमधून डाग पडतात, आणि बऱ्याचजणी तेवढ्यावरून ती सोडून देतात. सोडण्याआधी डॉक्टरांशी बोला. मन उदास राहू लागलं तर तेही सांगा. ती गर्भनिरोधक म्हणून धरू नका.

अ‍ॅमिट्रिप्टिलिन हे मूळचं नैराश्यावरचं औषध लिहून दिलं तर 'मला वेडी समजतात' असं वाटून घेऊ नका. १० मिलिग्रॅमसारख्या छोट्या मात्रेत ते मज्जातंतूंच्या दुखण्यावर दिलं जातं. झोपण्याच्या एक-दोन तास आधी घ्यायचं, परिणामाला दोन ते चार आठवडे. तोंड कोरडं पडतं आणि, पुन्हा तेच, पोट बांधतं. मज्जातंतूंच्या दुखण्यावरचं दुसरं औषध, गॅबापेंटिन, याबद्दल जरा सावध राहा. २०२० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या ३०६ बायकांच्या अभ्यासात ओटीपोटाच्या जुन्या दुखण्यावर ते खोट्या गोळीहून सरस ठरलं नाही, दुष्परिणाम मात्र जास्त दिसले. त्या बायकांच्या पोटात दुर्बिणीने काही सापडलं नव्हतं, एवढा फरक लक्षात ठेवून डॉक्टरांशी बोला.

स्कूटर, बस, घरकाम

स्कूटरवर मागे बसायचं तर दोन्हीकडे पाय टाकून. एका बाजूला पाय सोडले की कंबर पिळलेली राहते आणि प्रत्येक गतिरोधकाला ओढ बसते. चालवत असाल तर खड्डा दिसताच वजन किंचित पायांवर घ्या. कदंबाच्या (गोव्याच्या सरकारी) बसमध्ये मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट टाळा, मधली धरा. गाडीत सीटचा पट्टा व्रणावर टेकत असेल तर मध्ये छोटा टॉवेल ठेवा. पट्टा कमरेच्या हाडांवर खालीच राहायला हवा, तो सोडून बसणं हा उपाय नव्हे.

एक भरलेली बादली नेण्यापेक्षा दोन्ही हातांत दोन अर्ध्या. उचलताना श्वास रोखू नका, सोडा. विळीवर मासे कापायला उकिडवं किंवा एक पाय दुमडून बसणं वीस मिनिटांवर गेलं की उठा, ओट्यावर सुरी घेऊन बाकीचं करा. खरी चूक बरं वाटलेल्या दिवशी होते: आज ठीक आहे म्हणून चतुर्थीची सगळी साफसफाई एकाच दिवशी, आणि मग तीन दिवस अंथरूण. वाईट दिवशीही जमेल तेवढं काम मोजा, चांगल्या दिवशी त्याहून थोडंसंच जास्त करा. घरच्यांना 'मला बरं नाही' यापेक्षा 'बादल्या आणि गादीच्या चादरी तुम्ही' असं नेमकं सांगितलेलं जास्त चालतं.

संबंधात खोल दुखत असेल तर गर्भाशयामागची जागा चिकटलेली असू शकते. कुशीवर, किंवा तुम्ही वर, म्हणजे खोली तुमच्या हातात राहते. पाण्यावर आधारित जेल वापरा, खोबरेल तेलाने निरोध फाटतो. सोसून पार पाडणं हा सगळ्यात वाईट मार्ग, स्नायू पुढच्या वेळी आधीच आवळतात.

पुन्हा ऑपरेशन करावं का

पहिला विचार हाच येतो: चिकटलंय ना, मग सोडवून टाका. २००३ साली नेदरलँड्समधल्या १०० रुग्णांच्या अभ्यासात निम्म्यांचं चिकटलेलं दुर्बिणीने सोडवलं, निम्म्यांना नुसतं आत पाहिलं, आणि कुणाला काय केलं ते सांगितलं नाही. वर्षभराने दोन्ही गट सुधारले होते, दोघांत ठोस फरक नव्हता. शिवाय सोडवलेलं पुन्हा चिकटू शकतं आणि आतड्याला इजा होण्याचा धोका असतो. त्यामुळे केवळ दुखण्यासाठी आणि केवळ पट्ट्यांसाठी ऑपरेशन आमच्या मते शेवटचं. एण्डोमेट्रिओसिस पुन्हा आलेला असेल, आतडं अडकत असेल, किंवा नळ्या अडकून मूल होत नसेल, तर प्रश्न वेगळा.

विचारायचे प्रश्न: गाठी कापून काढणार की जाळणार, पुन्हा चिकटू नये म्हणून आत काही थर ठेवणार का, आतड्याचे सर्जन सोबत असतील का. पहिल्या ऑपरेशनच्या सविस्तर नोंदी, बायोप्सीचा रिपोर्ट आणि असतील तर व्हिडिओ मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावरच्या दोन ओळी पुरत नाहीत. सोनोग्राफीत पट्टे सहसा दिसत नाहीत, पण योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशय मागच्या आतड्यावरून सरकतं की नाही ते कळतं. तेवढं पाहायला सांगा. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जाताना ही फाइल क्रमाने लावून न्या. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचं ऑपरेशन त्या यादीत बसतं का ते दाखल होण्याआधी लेखी विचारा.

केव्हा वाट पाहायची नाही

पाळी चुकली आणि एका बाजूला दुखतंय, तर आधी गर्भचाचणी. नळीभोवती चिकटलेलं असलं की गर्भ नळीत राहण्याचा धोका वाढतो. चाचणी होकारार्थी आली तर त्याच दिवशी सोनोग्राफी. चक्कर किंवा खांद्यात दुखणं असेल तर सरळ इस्पितळ.

दुसरी गोष्ट आतड्याची. पोट लाटांसारखं पिळून दुखतंय, फुगत चाललंय, उलट्या होतायत आणि त्या हिरवट आहेत, शौच नाहीच पण गॅसही सरत नाही, हे अडकलेल्या आतड्याचं लक्षण. लाटा थांबून दुखणं सतत झालं किंवा ताप आला तर आणखी वाईट. १०८ ला फोन करा. काही खाऊ-पिऊ नका, इसबगोल नाही, जुलाबाचं औषध नाही, एरंडेल नाही. फाइल घ्या, शेवटचा गॅस कधी सरला ती वेळ कागदावर लिहा, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की पोटाचं ऑपरेशन झालेलं आहे.